बोगद्याकडे आणि माहुलीकडे

सुट्टीच्या दिवशी सातारकर आणि साताऱ्याला आलेले पाहुणे कुठं जातात, हे समर्थ मंदिराच्या चौकात पंधरा मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. कुणी यवतेश्वरचा घाट चढून कासला निघालेलं असतं, कुणी बोगद्यातून पलीकडं जाऊन सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी गाठणार असतं. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत या दोन्ही रस्त्यांना पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते. शहराच्या दुसऱ्या टोकाला कृष्णानगर ओलांडून संगम माहुलीच्या पुलाकडं जाणारा रस्ताही काही वाईट नाही. पण त्याच्यावर दिसतात त्या दहिवडी-पंढरपूरच्या एसट्या, उसाच्या ट्रॉल्या आणि कामाला निघालेली माणसं. फिरायला म्हणून माहुलीच्या पुढं सहसा कुणी जात नाही.

मला याचं मनापासून वाईट वाटतं. साताऱ्याहून सकाळी निघून दिवेलागणीला घरी परतायचं असेल, तर जाण्यासारखी ठिकाणं दोन्ही बाजूंना आहेत. आणि दोन्ही बाजू एकमेकींशिवाय कळत नाहीत. पावसाळ्यातला एक दिवस बोगद्याकडं दिलात, तर हिवाळ्यातला एक दिवस माहुलीकडं द्या, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बहुतेक जण हसून विषय बदलतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

माझ्या नणंदेचं घर गुहागरला. समुद्र चालत पाच मिनिटांवर. दिवाळी ते मे त्यांच्या गावात पाय ठेवायला जागा नसते, जो तो वाळूत बसायला आलेला. वन्संना मात्र समुद्राचं अप्रूप कसं असणार? वर्षातून एकदा तरी त्या मुलाला घेऊन चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढून आमच्याकडं येतात, आणि चहाचा कप खाली ठेवायच्या आत म्हणतात, “वहिनी, उद्या डोंगरात जाऊया. आमच्याकडे येणारे समुद्र बघायला येतात, मी डोंगर बघायला येते.”

आमचा पश्चिमेचा दिवस ठरलेला आहे. सहाला घर सोडायचं, कारण आठच्या पुढं कासला गर्दी वाढते आणि धुकंही वर सरकतं. डबा घरचा. नाचणीची भाकरी, लसणाचा खरडा, मटकीची उसळ. घाटात दोन्ही बाजूंना मक्याची कणसं आणि भजी मिळतात, ती येताना. हंगामात कासला प्रवेशशुल्क आहे आणि नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. ती केलेली असली की दारात ताटकळावं लागत नाही.

कासचं पठार साताऱ्याहून सुमारे २५ किलोमीटरवर, उंची १,२०० मीटरच्या घरात. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात हे एक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून दख्खनचा हा सगळा प्रदेश तयार झाला. त्या काळ्या खडकावर पाऊस आणि ऊन युगानुयुगं काम करत राहिले, तेव्हा वर जांभ्याचा थर आला. या जांभ्यावर माती फार थोडी. कुठं बोटभर, कुठं नखाएवढी. झाडाला मूळ धरायला जागाच नाही, म्हणून इथं झाडं नाहीत आणि म्हणूनच फुलं आहेत. ८५० च्या वर सपुष्प वनस्पती या भागात नोंदल्या गेल्या आहेत.

लोक इथं फुलांचे गालिचे बघायला येतात. सप्टेंबरच्या मध्याला पाऊस आणि ऊन यांचा मेळ बसला, की जांभळा तेरडा, पिवळी सोनकी आणि पांढरे गेंद पसरलेले खरंच दिसतात. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, तिचं वर्ष असेल तर बोलायलाच नको. पण मला विचाराल तर पठारावर पोचल्यावर पहिल्यांदा खाली बसावं. आम्ही रस्त्यापासून थोडं आत, आखून दिलेल्या वाटेवर, ओल्या खडकाशेजारी बसतो. खडकावरून पाण्याचा पातळ पापुद्रा वाहत असतो, इतका पातळ की वाहतोय हे त्यात अडकलेल्या गवताच्या काडीमुळंच कळतं. त्या पापुद्र्यात सीतेची आसवं उभी असतात. काडीएवढा देठ, टोकाला निळं-जांभळं इवलं फूल, मध्ये पांढुरका डाग. फूल दिसायला नाजूक, पण ही वनस्पती मांसाहारी आहे. जमिनीलगत तिला मोहरीहूनही बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की झडप उघडते, पाण्यासकट तो आत ओढला जातो आणि झडप बंद होते. कारण या जांभ्यात नत्र जवळजवळ नाही. जमिनीतून मिळत नाही ते पाण्यातून मिळवायचं. वन्संचा मुलगा तिथं पालथा पडून कितीतरी वेळ बघत राहतो. “मामी, एवढा पाऊस पडून पण इथं उपाशीच राहावं लागतं होय?” असं त्यानं एकदा विचारलं. तो प्रश्न माझ्या डोक्यात पुढं बराच काळ राहिला.

त्या ओल्या खडकाशेजारी चिप्सची पाकिटं आणि पाण्याच्या बाटल्याही दिसतात. स्थानिक गावांतली मुलं-मुली हंगामभर उन्हापावसात उभी राहून लोकांना “फुलांवरनं चालू नका” असं सांगत असतात आणि कचरा उचलत असतात. त्यांचं कुणीतरी ऐकावं, एवढंच म्हणते. बोटभर माती तुडवली गेली की ती पुन्हा तयार व्हायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

पठाराच्या पुढं कास तलाव. ब्रिटिश काळातला हा तलाव साताऱ्याला पाणी देतो. डोंगरावरून उतारानं पाणी शहरात येतं, पंप लागत नाही. आमच्या घरी सकाळी नळाला येतं ते पाणी इथलं, हे पाहुण्यांना सांगताना मला दर वेळी बरं वाटतं. त्याच्याही पुढं रस्ता उतरत उतरत बामणोलीला जातो. शिवसागराच्या काठावरचं गाव. इथून होडीनं वासोट्याला जातात, तापोळ्याला जातात. आम्ही बहुतेक वेळा नुसते काठावर बसतो.

शिवसागर म्हणजे कोयनेचं धरण. भिंत खाली कोयनानगरला, १०३ मीटर उंच, आणि तिच्यामागं पाणी डोंगरांच्या खाचाखोचांतून थेट इथवर पसरलेलं. १०५ टीएमसी पाणी मावतं यात. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या पाच नद्यांपैकी कोयना एक. कृष्णा पूर्वेकडं वाईच्या बाजूला उतरते, कोयना मात्र सरळ दक्षिणेकडं जाते, हेळवाकला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला भेटते. पण तिचं सगळं पाणी कऱ्हाडला पोचत नाही. धरणातल्या पाण्याचा मोठा वाटा डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडं वळवला जातो, पोफळीच्या बाजूला खाली सोडून त्यावर वीज बनते, आणि मग ते पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळतं. वन्संना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्या हसायला लागल्या. “म्हणजे आमच्याकडून ढग येतो आणि तुम्ही पाणी परत पाठवता!” तसंच आहे ते. अरबी समुद्रावरून निघालेला ढग सह्याद्रीच्या कड्यावर आदळतो, वर चढताना थंड होतो आणि बहुतेक सगळं ओझं कड्यालगतच्या थोड्या रुंदीत टाकतो. त्यातलं काही पाणी फिरून त्याच समुद्राला जातं.

बामणोलीच्या काठावर एका आजोबांशी गप्पा झाल्या होत्या. डोक्याला टापरी, पायात गमबूट, म्हशी पाण्यावरून परत नेत होते. “आमचं गाव हितं खाली,” असं म्हणून त्यांनी पाण्याकडं हात केला. “आमी वर सरकलो. पोरं मुंबईला, माथाडीत. गणपतीला येत्यात.” मे महिन्यात पाणी उतरलं की जुन्या बांधांच्या रेषा उघड्या पडतात, तेव्हा आपलं शेत कुठलं हे त्यांना अजून ओळखू येतं. जावळी आणि पाटणच्या कितीतरी घरांची हीच कथा. भाताची खाचरं धरणाखाली गेली, वर उरला तो उताराचा वरकस. नाचणी, वरी यांवर घर चालेना, तेव्हा मुंबईच्या बाजारांत ओझी वाहायला गेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानं उरलंसुरलंही हलवलं. एवढा पाऊस, एवढं पाणी डोळ्यांसमोर, आणि तरी उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावरच्या वाड्यांना प्यायच्या पाण्यासाठी पायपीट करावी लागते. पाणी उतारानं वाहून खाली जातं, खडकात मुरत नाही. खाली साठलेलं पाणी वर चढवायची सोय वाडीला परवडत नाही.

दिवस हाताशी असेल तर परत येऊन बोगद्यातून सज्जनगडाला जायचं. पायऱ्या चढून वर गेलं की समर्थांच्या समाधीचं दर्शन घ्यावं. १६८२ साली समर्थ इथंच समाधिस्थ झाले, तेव्हापासून माघात दासनवमीला गड माणसांनी भरून जातो. दर्शन झालं की कड्याशी येऊन खाली बघावं. गडाच्या पायथ्याला उरमोडी धरणाचं पाणी पसरलेलं दिसतं. पलीकडच्या डोंगरमाथ्यांवर पवनचक्क्या. जो वारा ढग घेऊन येतो तोच त्यांची पाती फिरवतो.

“मामी, हे पाणी पण परत आमच्याकडे जातं?” असं भाच्यानं तिथं विचारलं.

“नाही, हे माणदेशात जातं,” त्याचे मामा म्हणाले. “उरमोडीचं पाणी कालव्यांनी आणि पंपांनी खटाव-माणला नेतात.”

“मग तिकडे कधी जायचं?”

गुहागरच्या मुलाला जे सहज सुचलं ते आम्हा सातारकरांना सुचत नाही. आमच्या डोळ्यांसमोरचं पाणी कुठं जातं, ते जिथं जातं तिथं काय होतं, हे बघायला आम्ही गेलेलो नसतो.

माहुलीकडचा दिवस हिवाळ्यात ठेवावा. डिसेंबर-जानेवारीत शाळू हुरड्यावर येतो, हवा कोरडी असते, लांबवरचं दिसतं. संगम माहुली शहरापासून पाच किलोमीटरवर. कृष्णा आणि वेण्णा इथं एकत्र येतात. दोन्ही काठांवर काळ्या दगडाची देवळं आणि घाट आहेत, राजघराण्यातल्यांच्या समाध्या आहेत. शाहू महाराजांची समाधी इथं आहे आणि त्यांच्या लाडक्या कुत्र्याचंही स्मारक आहे. पेशवाईत निःस्पृह न्यायासाठी ज्यांचं नाव घेतात ते रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. इतकं सगळं शहराच्या दाराशी असून सकाळी घाटावर धुणी धुणाऱ्या बायकांखेरीज फारसं कुणी नसतं.

पुढं कोरेगाव. गाडीत बसून या रस्त्यावर करण्यासारखं एकच काम आहे. शेतं बघत जायचं. कृष्णाकाठी ऊस, आलं, हळद. कोरेगाव तालुक्यात वाघ्या घेवडा, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. पुढं बटाटा, कांदा. वर्धनगडचा घाट ओलांडला की उसाची हिरवी सलगता तुटते. शाळू येतो, हरभरा येतो, मधली पडीक रानं वाढायला लागतात. माणमध्ये शिरलात की बाजरीची कापलेली ताटं, डाळिंबाच्या बागा आणि मेंढरं. आदल्या सहलीत जावळीत भाताची खाचरं बघितली असतील तर मनात आपोआप हिशेब जुळायला लागतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, साताऱ्यात हजाराच्या आसपास, माणमध्ये कसाबसा पाचशे. तोही वेळेवर येईल याची खात्री नाही. एका जिल्ह्यात, शे-सव्वाशे किलोमीटरच्या अंतरात एवढा फरक. कड्यावर रिकामा झालेला ढग पुढं उतरताना तापतो आणि नुसता वारा होऊन निघून जातो.

हे डोळ्यांनी बघायचं तर वर्धनगड चढावा. फार वेळ लागत नाही. पायथ्याच्या गावातूनच पायऱ्या आहेत. शिवकाळातला हा किल्ला नेमका दोन मुलखांच्या मधल्या धारेवर आहे. तटावर उभं राहून पश्चिमेला तोंड केलं की कृष्णेचं खोरं, हिरवं. पूर्वेला वळलं की येरळेचं खोरं, पिवळं आणि करडं. वन्सं त्या तटावर बराच वेळ उभ्या होत्या. इकडं बघ, तिकडं बघ, असं मुलाला सांगत होत्या. साताऱ्याच्या शाळांच्या सहली महाबळेश्वरला जातात. मला वाटतं, त्यांनी एकदा वर्धनगडाला यावं. भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यछायेचा धडा इथं शिकवायला शिक्षकाला खडूसुद्धा लागणार नाही.

गडावरून उतरलं की पुसेगाव. सेवागिरी महाराजांचं देवस्थान. मार्गशीर्षातल्या यात्रेत रथाला नोटांच्या माळा लागतात आणि खिल्लार बैलांचा बाजार भरतो. शेजारीच नेरचा तलाव. कृष्णेचं पाणी जिहे-कठापूरच्या बंधाऱ्यातून टप्प्याटप्प्यानं उचलून वर्धनगडच्या डोंगरापलीकडं या तलावात आणायचं आणि तिथून पुढं बोगद्यातून माणमधल्या आंधळीला पोचवायचं, अशी ही योजना. नव्वदच्या दशकात मंजूर झालेली. तिची वाट बघण्यात माणसांची उमेद गेली, लहान मुलं बाप्ये झाली. आता पाणी येऊ लागलंय तेव्हा लोक कालव्यावर नारळ फोडतात, ओटी भरतात. बाहेरच्या माणसाला ते अति वाटेल. ज्यांनी टँकरच्या रांगेत घागरी लावल्यात त्यांना वाटणार नाही.

भाच्यानं तलावाच्या काठावर पुन्हा हिशेब मांडला. हे पाणी येरळेत सुटलं तर कुठं जाईल? येरळा सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळजवळ कृष्णेला मिळते. आणि माणगंगेत गेलं तर? ती पंढरपूरच्या पुढं भीमेला मिळते, भीमा रायचूरजवळ कृष्णेला. म्हणजे कुठूनही गेलं तरी शेवटी कृष्णाच. एवढा मोठा वळसा! तो खूश झाला. मी त्याच्या मामांना म्हटलं, आपल्याला हे कुणी शाळेत असं सांगितलं असतं तर!

दहिवडीच्या अलीकडं एका ओढ्याशी आम्ही जेवायला थांबलो होतो. कालव्याचं आवर्तन सुटलेलं होतं, त्यातलं पाणी ओढ्यात येत होतं. पाणी गढूळ, रुंदी हातभर. एक आजी बांधावर बसून शाळूची कणसं भाजत होत्या. आम्हाला बघून त्यांनी हाक मारली, “या की, हुरडा खावा. कुठनं आलायसा?”

“साताऱ्यासनं. आणि ह्या माझ्या वन्सं, गुहागरच्या.”

“समुद्राकडच्या व्हय?” आजींनी वन्संना नीट न्याहाळलं. “तुमच्याकडं लई पाऊस. आमच्याकडं ढग येत्यात, बगून जात्यात.”

त्यांनी गोवऱ्यांच्या आरातून कणीस काढलं, तळहातांत चोळलं, फुंकर मारून तूस उडवलं आणि हिरवे दाणे वन्संच्या ओंजळीत टाकले. बरोबर लसणाची चटणी आणि गुळाचा खडा. हात चालू, बोलणं चालू. पंप बसवलाय, पण लाईट रात्रीची. सून गावच्या चरांच्या कामाला होती, सगळ्या गावानं टिकाव-खोरं उचललं होतं. थोरला मुलगा सालेमला, गलाईत. धाकटाही त्याच्याकडंच. “शेत हाय की सोळा एकर,” आजी म्हणाल्या, “पन पानी नव्हतं. मग पोरांनी काय करावं?”

मला बामणोलीच्या काठावरचे आजोबा आठवले. तिकडं पाण्यानं शेत गिळलं म्हणून मुलं मुंबईला माथाडी झाली. इकडं पाणी नाही म्हणून मुलं सालेमला, कोचीला सोन्या-चांदीच्या भट्ट्यांपुढं बसली. खटाव, माण आणि शेजारच्या खानापूर-आटपाडीतली गलाईवाली कुटुंबं देशभर पसरली आहेत. कुठल्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात आमच्या बाजूचं मराठी कानावर पडतं. पश्चिमेची मुलं गणपतीला घरी येतात, पूर्वेची गावच्या यात्रेला. एरवी दोन्हीकडच्या गावांत म्हातारी माणसं, सुना आणि शाळेतली पोरं. साताऱ्यात बसून आम्ही एका बाजूला ‘निसर्गरम्य’ म्हणतो आणि दुसऱ्या बाजूला ‘दुष्काळी’, आणि एकीकडं फिरायला जातो, दुसरीकडं जात नाही. दोन्हीकडच्या आया मात्र एकाच कारणासाठी मुलाच्या फोनची वाट बघतात. हे मला एका दिवसाच्या सहलींनी दाखवलं. कासच्या खडकावर भाच्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही तिथंच कुठंतरी आहे. किती पाणी पडतं याच्याइतकंच ते कुणाच्या जमिनीत थांबतं, यालाही महत्त्व आहे.

चरांचं काम आजी सांगत होत्या ते खोटं नव्हे. माहुलीकडच्या रस्त्यावर कुठल्याही डोंगराकडं बघा, उतारावर आडव्या रेषा दिसतील. समतल चर. पावसाचं पाणी धावू नये, तिथंच थबकावं, मुरावं म्हणून माणसांनी हातांनी खणलेले. २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या पहिल्या वॉटर कप स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, २०१८ साली माणमधलं टाकेवाडी. ज्यांनी फुलं बघायला यवतेश्वरचा घाट चढला त्यांनी या रेषा बघायला वेळूच्या डोंगरावर जरूर जावं. मला त्या फुलांइतक्याच देखण्या वाटतात. गावाला विचारून जावं, म्हणजे कुणीतरी बरोबर येतं आणि कुठला चर कुणी खणला तेही सांगतं.

परतीची वाट वडूजवरून औंधला. औंध तसं एका संपूर्ण दिवसाचं काम आहे, पण संध्याकाळच्या आत पोचलं तर निदान संग्रहालय बघून होतं. मूळपीठाच्या डोंगरावर यमाईचं देऊळ, वाटेत चढावर संग्रहालय. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून ते जास्त ओळखले जातात. आपला संग्रह लोकांना बघता यावा म्हणून त्यांनी १९३८ साली हे उभं केलं. राजा रविवर्मांची चित्रं इथं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही आहे. युरोप-अमेरिकेतली मोठी संग्रहालयं ज्याची शिल्पं मिरवतात, त्याचं एक शिल्प खटाव तालुक्यात डोंगराच्या चढावर आहे. याच राजांनी १९३९ साली संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली, गांधीजींच्या सल्ल्यानं. स्वातंत्र्याच्या आठ वर्षं आधी. दुष्काळी मुलखातल्या छोट्या संस्थानानं. वन्सं त्या शिल्पासमोर थांबल्या. आईच्या खांद्याशी बिलगलेलं दगडाचं मूल. “गुहागरला परत गेल्यावर पर्यटकांना सांगेन,” त्या म्हणाल्या, “वर घाटावर हे पण आहे म्हणून.”

जायचं ठरवलंत तर थोडं सांगते. पश्चिमेकडं जाताना रेनकोट आणि जास्तीचे मोजे घ्या, जळवांसाठी थोडं मीठ. पूर्वेकडं जाताना टोपी आणि पाणी भरपूर घ्या, कारण मध्ये कुठं मागावं तर देणाऱ्याच्या घरात किती आहे हे आपल्याला माहीत नसतं. माहुलीकडं हॉटेलं कमी, पण पुसेगाव, दहिवडी, वडूजला गरम भाकरी आणि आमटी मिळते. स्वतःची गाडी नसेल तरी अडत नाही. साताऱ्याच्या स्टँडवरून दहिवडीकडं एसट्या जातात, आणि एसटीत खिडकीशी बसलं की शेतं उलट जास्त चांगली दिसतात. हिवाळ्यात मायणी, येरळवाडीच्या तलावांवर पक्षी उतरतात, क्वचित रोहितही. त्यांच्यासाठी वेगळा दिवस काढा.

वन्सं आता चैत्रात येणार आहेत, शिखर शिंगणापूरसाठी. माणमधल्या त्या उंच, कोरड्या डोंगरावर शंभू महादेवाचं देऊळ आहे. यात्रेला लांबलांबून कावडी येतात, नद्यांच्या पाण्यानं भरलेल्या. सासवडची मानाची तेल्या भुत्याची कावड कऱ्हेचं पाणी घेऊन चालत येते आणि मुंगी घाटाचा उभा कडा माणसं एकमेकांना हात देत, साखळी करून चढतात. पंप आणि कालवे यायच्या कितीतरी आधीपासून माणसं या डोंगरावर खांद्यावरून पाणी चढवत आली आहेत. भाच्याला ते बघायचंय. त्यानं मला फोनवर विचारलं, आपण पण गुहागरहून एक कळशी आणू का. मी म्हटलं, समुद्राचं खारं नको, वाशिष्ठीचं आण, कोयनेवरून तुमच्याकडं गेलंय ते.